वहिवाट नसलेले घर : अंबड येथील भाड्याच्या रिकाम्या घराच्या निमित्ताने गृहविम्याच्या मसुद्याची समीक्षा

१

विमापत्र हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका प्रारंभीच उपस्थित होण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, बखर, पोथी यांची चिकित्सा करण्याचा आपल्याला सराव आहे. परंतु ज्या गद्यावर सामान्य गृहस्थाचे आयुष्यभराचे संचित अवलंबून असते, ते गद्य आपण न वाचताच खाली सही करून मोकळे होतो. एखाद्या शब्दाच्या अर्थावरून दोन पक्षांत लाखो रुपयांचा वाद उभा राहत असेल, तर त्या शब्दाची चिकित्सा ही केवळ वकिलाची जबाबदारी राहत नाही. ती भाषेच्या, समाजशास्त्राच्या आणि वाणिज्याच्या अभ्यासकाचीही ठरते. प्रस्तुत लेखात अशाच एका साध्या शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'रिकामे'.

भाड्याने देण्यासाठी राखलेले, परंतु सध्या ज्यात कोणी राहत नाही, अशा घराचा विमा कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा आहे. कोणत्या कंपनीचा हप्ता कमी, कोणता दलाल भरवशाचा, एवढ्यावर तो बहुधा मिटविला जातो. आमचे प्रतिपाद्य असे की, हप्त्यांची तुलना हा या निवडीतील शेवटचा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा की, घराच्या रिकामेपणाचे वर्णन मालक कोणत्या शब्दांत करतो आणि विमापत्र कोणत्या शब्दांत करते. या दोन वर्णनांत अंतर राहिले, तर हप्ता वेळेवर भरूनही घर उघड्यावरच राहते. हे अंतर कोठे पडते आणि ते कोणी भरून काढावयाचे, हे पाहण्यासाठी एका विशिष्ट गावाचा आधार घेणे इष्ट आहे.

२

अंबड हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. गावाजवळच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवीचे स्थान, नवरात्रातील यात्रा आणि होळकरांच्या अमलाच्या खुणा यांमुळे अंबडचे नाव मराठवाड्यात परिचित आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. मात्र अंबड शहर नदीकाठी वसलेले नाही. विम्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कारण शहागडसारख्या गोदाकाठच्या गावातील घराची जोखीम आणि अंबड शहरातील घराची जोखीम एक नव्हे. २००६ च्या ऑगस्टात गोदावरीला आलेल्या पुराचा पैठण आणि नांदेड या दोन्ही शहरांना तडाखा बसला होता, याची आठवण येथे पुरेशी आहे.

अशा गावात भाड्याने दिली जाणारी घरे स्थूलमानाने दोन प्रकारची. पहिला प्रकार जुन्या पेठेतील माळवदाच्या घरांचा : दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर. दुसरा प्रकार गावाबाहेर वाढलेल्या वसाहतींतील विटा-सिमेंटच्या स्लॅबच्या घरांचा. मालक पुष्कळदा छत्रपती संभाजीनगर, जालना वा पुणे येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेला असतो. भाडेकरू बहुधा शिक्षक, तहसील वा पंचायत समितीच्या कचेरीतील कर्मचारी, बँकेतील कारकून किंवा शिक्षणासाठी खेड्यातून आलेले विद्यार्थी असतात.

या भाडेकरूंच्या जीवनक्रमाला एक पंचांग आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल वा मे महिन्यात कराव्यात असे ठरविले आहे. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष जूनपासून सुरू होते. म्हणजे एप्रिलअखेर एक बिऱ्हाड उठते आणि दुसरे जूनच्या मध्यास वा त्यानंतर येते. मधले सहा-सात आठवडे घराला कुलूप असते. यात अपवादात्मक असे काहीच नाही. भाड्याच्या घराचा हा स्वाभाविक श्वासोच्छ्वास आहे. आणि नेमक्या याच काळात उन्हाळ्याची आग, वळवाचे वादळ, विजा आणि मृगाचा पहिला पाऊस येतो. तात्पर्य, घर ज्या दिवसांत सर्वाधिक जोखमीत असते, त्याच दिवसांत ते रिकामे असते. याखेरीज या भागातून ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणारी आणि हंगाम संपल्यावर परतणारी कुटुंबे आहेत. त्यांची घरे भाड्याची नसली, तरी बंद घराच्या मीमांसेत त्यांचे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही.

३

आता विमापत्राकडे वळू. घरांच्या आगीच्या विम्यासाठी २०२१ पर्यंत आपल्याकडे प्रामुख्याने जे विमापत्र प्रचारात होते, ते 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' या नावाने ओळखले जाई. त्यातील सर्वसाधारण अटींपैकी तिसरी अट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. तिचा आशय असा : विमा उतरविलेली इमारत 'अनऑक्युपाइड' झाली आणि तशीच तीस दिवसांहून अधिक काळ राहिली, तर नुकसान होण्यापूर्वी कंपनीची संमती विमापत्रावर शेऱ्याच्या रूपाने घेतलेली नसल्यास त्या मालमत्तेवरील संरक्षण थांबते. अंबडच्या पंचांगाशी ही अट ताडून पाहिली, तर बदलीच्या मोसमात रिकामे झालेले घर साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे वळवाच्या ऐन दिवसांत, विम्याबाहेर गेलेले आढळेल. मालकाला त्याची वार्ताही नसते.

या अटीतील इंग्रजी शब्दाचे मराठी रूपांतर कसे करावे ? इंग्लंड-अमेरिकेतील विमाविषयक विवेचनात 'व्हेकंट' आणि 'अनऑक्युपाइड' असा भेद करण्यात येतो. ज्यात माणूस नाही आणि सामानही नाही ते पहिले. ज्यात सामान आहे पण माणूस राहत नाही ते दुसरे. मराठीत आपण दोहोंनाही सरसकट 'रिकामे' म्हणतो. वस्तुतः मराठी या बाबतीत दरिद्री नाही. सामानासह कुलूप लावलेले ते 'बंद' घर, भाडेकरूच्या प्रतीक्षेत असलेले ते 'रिकामे' घर, देखभालीअभावी मोडकळीस आलेले ते 'पडीक' घर आणि वस्तीच उठून गेलेली ती 'ओसाड' वास्तू, असे भेद आपल्या बोलीत स्पष्ट आहेत. विम्याच्या दृष्टीने या चौघांची जोखीम भिन्न आहे. परंतु प्रस्तावपत्रक भरताना हे भेद पुसले जातात, आणि 'निवासी घर' एवढ्या दोन शब्दांत सर्व आटोपते.

आमच्या मते येथे आपल्या महसुली आणि न्यायालयीन मराठीतील एक जुना शब्द उपयोगी पडतो. तो म्हणजे 'वहिवाट'. मालकी, ताबा आणि वहिवाट या तीन गोष्टी आपल्या दप्तरी भाषेने नेहमीच वेगळ्या ओळखल्या आहेत. अंबडमधील घराचा पुण्यातील मालक घ्या. भाडेकरू गेल्यावर मालकी त्याचीच आहे, किल्ली त्याच्या खिशात असल्यामुळे ताबाही त्याचाच आहे. परंतु घराची वहिवाट कोणाचीच नाही. चूल पेटत नाही, अंगण झाडले जात नाही, सायंकाळी दिवा लागत नाही. विमापत्रातील तीस दिवसांची अट मालकी वा ताबा यांविषयी बोलत नाही. ती वहिवाटीविषयी बोलते. मालक मात्र 'घर माझ्याच ताब्यात आहे' या समाधानात असतो. वर उल्लेखिलेले अंतर पडते ते नेमके येथे.

हे अंतर आणखी एका परिस्थितीत अधिक बिकट होते. भाडेकरू भाडे नियमित देतो, पण घराला कुलूप लावून गावी वा दुसऱ्या नोकरीच्या ठिकाणी राहतो. आता ताबा भाडेकरूचा, मालकी घरमालकाची आणि वहिवाट पुन्हा कोणाचीच नाही. भाडे येत असल्यामुळे घर रिकामे आहे याचा मालकाला संशयही येत नाही. अशा मालकास कंपनीला काय कळवावयाचे हेच ठाऊक नसते, आणि तीस दिवसांची गणना तर चालूच असते. अटीत मालकाच्या ज्ञानाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो वस्तुस्थितीचा.

निरनिराळ्या कायद्यांनी हाच रिकामेपणा किती निरनिराळ्या मापांनी मोजला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार भाडेकरूने सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागेचा ठरलेल्या कामासाठी उपयोग केला नाही, तर मालकास ती परत मागता येते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २३ ने रिकाम्या काळाचा विचार केला तो बुडालेल्या भाड्याच्या अंगाने. भाडे कायद्याला रिकामेपणा म्हणजे जागेचा अपव्यय वाटतो, करकायद्याला उत्पन्नातील घट वाटते, आणि विमापत्राला तो जोखमीतील वाढ वाटतो. एकच कुलूप, परंतु तीन दृष्टी. भाडे कायद्यातील सहा महिन्यांची सवय झालेल्या घरमालकाला विम्यातील तीस दिवसांची मुदत सुचत नाही, यात नवल नाही.

४

या अटीचा निषेध करून थांबणे मात्र समीक्षकाला शोभणारे नाही. कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. वसलेल्या घरात वायरीतून धूर निघाला, तर घटकाभरात कोणाच्या तरी ध्यानात येतो. बंद घरात तो शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचल्यावरच कळतो. टाकी फुटून पाणी वाहू लागले, तर वसत्या घरात कोणी तरी चावी बंद करते; बंद घरात ते भिंतीच्या पायात मुरत राहते. म्हणजे अपघाताची शक्यता तेवढीच राहिली, तरी नुकसानीचे परिमाण वाढते. हप्ता ठरविताना वसते घर गृहीत धरले असेल, तर वहिवाट संपल्याचे कळविण्याची अपेक्षा अन्यायाची म्हणता येणार नाही. विमा हा परम विश्वासाचा करार आहे, हे तत्त्व येथे लागू पडते.

न्यायालयांची भूमिकाही या बाबतीत ध्यानात घेण्यासारखी आहे. 'जनरल अ‍ॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदुमल जैन' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा निर्णय गंगेच्या काठच्या घरांच्या विम्यावरून झालेल्या वादात देण्यात आला. त्यात दोन सूत्रे एकत्र मांडलेली आढळतात. पहिले असे की, विमापत्रातील संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध आणि विमेदाराच्या बाजूने लावावा. दुसरे असे की, शब्द स्पष्ट असतील तेथे न्यायालयाने पक्षकारांसाठी नवा करार रचू नये. विमेदारांच्या बाजूने बोलणारे पहिले सूत्र वारंवार सांगतात आणि दुसरे विसरतात. 'तीस दिवसांहून अधिक' या शब्दांत संदिग्धता कोठे आहे ? संदिग्धता असलीच तर ती 'वहिवाट' कशाला म्हणावयाची यात. आठवड्यातून एकदा येऊन झाडलोट करणारा नातेवाईक, अंगणात झोपणारा राखणदार, मालकाने सुटीत केलेला चार दिवसांचा मुक्काम, यांनी घर वसते ठरते काय ? या प्रश्नाचे उत्तर नुकसानीनंतर कचेरीत वा आयोगापुढे शोधण्यापेक्षा विमा घेतानाच पत्राने विचारून घेणे, हेच शहाणपणाचे होय.

५

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित गृहविमापत्र सर्व साधारण विमा कंपन्यांनी विक्रीस ठेवले. प्रमाणीकरणाने मुख्य भाग सर्वत्र सारखा झाला. त्यामुळे कंपनी-कंपनीतील तुलना हप्ता, सेवा आणि जोडसंरक्षणे यांपुरती उरली, हा मोठाच लाभ आहे. या मसुद्याचे गुण प्रथम नोंदविले पाहिजेत.

पूर्वीच्या विमापत्रात भूकंपाचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागे. नव्यात ते मुळातच समाविष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माथ्यावरचे जड छप्पर यांनी किती माणसे गाडली, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. माळवदाच्या घराच्या मालकाला या समावेशाचे मोल कळेल. दुसरा गुण अपुऱ्या विम्याविषयीचा. पूर्वी दहा लाखांची इमारत पाच लाखांना विमित असली आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर प्रमाणाच्या नियमाने सुमारे एकच लाख हाती पडे. नव्या मसुद्याने ही कपात सोडून दिली आहे. विम्याची रक्कम घराचे चटईक्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकाराने काढावयाची असते. समजा, अंबडमधील एका घराचे क्षेत्र ६०० चौरस फूट आणि दर चौरस फुटास १,६०० रुपये धरला, तर विम्याची रक्कम ९,६०,००० रुपये होईल. भूखंडाची किंमत यात येत नाही. कारण जमीन जळत नाही. बाजारातील विक्रीच्या किमतीवरून विम्याची रक्कम ठरविणारा मालक जमिनीसाठीही व्यर्थ हप्ता भरीत असतो. तिसरा गुण मुदतीचा. हे विमापत्र दहा वर्षांपर्यंत घेता येते. परगावी राहणाऱ्या मालकाच्या हातून नूतनीकरण राहून जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

आता उणिवा. इमारतीच्या विम्याबरोबर तिच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, घरातील सर्वसाधारण सामान आपोआप संरक्षित होते. आपल्या उदाहरणात ही रक्कम १,९२,००० रुपये होते. परंतु रिकाम्या भाडेघरात मालकाचे सामान असते तरी काय ? दोन पंखे, एखादी पाण्याची मोटार, क्वचित एक लोखंडी कपाट. भाडेकरूचे सामान मालकाच्या विम्यात येत नाही. ज्याच्या घरात काहीच नाही त्याला हे औदार्य निरुपयोगी ठरते, आणि ज्याला त्याची गरज त्या भाडेकरूला ते मिळत नाही. हा मसुदा राहत्या मालकाला समोर ठेवून लिहिलेला आहे, हे येथे उघड होते.

भाड्याच्या नुकसानीविषयीही तेच. विमित आपत्तीने घर राहण्यास अयोग्य झाले, तर बुडालेल्या भाड्याची भरपाई या विमापत्रात आहे. परंतु भाडेकरू न मिळाल्यामुळे बुडालेले भाडे ही विमित आपत्ती नव्हे. आणि घर रिकामे असतानाच जळाले, तर भाडे खरोखर येणार होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे सांगितले असताही, तालुक्याच्या गावी तोंडी बोलीवर घरे दिली जातात. जूनमध्ये येणाऱ्या शिक्षकाने एप्रिलमध्ये दिलेला विसार कोऱ्या वहीच्या पानावर टिपलेला असतो. असा कागद दाव्याच्या वेळी फारसा आधार देत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ येथे आठवावे : आग, वादळ वा पुराने जागेचा महत्त्वाचा भाग निकामी झाला, तर भाडेपट्टा रद्द समजण्याची मुभा भाडेकरूला आहे. म्हणजे जागा निकामी होताच येणारे भाडेही संपण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठी उणीव चोरीविषयीची आहे. बंद घराच्या मालकाला रात्री झोप लागू देत नाही ती चोरांची भीती. पण प्रमाणित गृहविमापत्रातील चोरीचे संरक्षण हे आग, भूकंप, पूर यांसारख्या विमित घटनेमुळे आणि तीपासून सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतेच आहे. निव्वळ कुलूप फोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातही 'घरफोडी' या शब्दाची व्याख्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल' या २००४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, विमापत्राने बळाचा वा हिंसेचा वापर ही घरफोडीच्या व्याख्येची अट केली असेल, तर बळाचा वापर न करता झालेली चोरी त्या विम्यात येत नाही. सुट्या बिजागरीतून सहज उघडणारे मागचे दार असलेल्या रिकाम्या घरास या निर्णयाचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच ताडावे. शिवाय घरफोडीच्या विमापत्रांत घर सलग किती दिवस बंद राहिल्यास संरक्षण थांबते, याची मुदत बहुधा घातलेली असते आणि ती प्रत्येक विमापत्रात सारखी नसते.

६

अंबडच्या रिकाम्या घराला खरोखर काय होते, याची वर्गवारी केली म्हणजे निवडीचा मार्ग मोकळा होतो. आपत्ती तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या आकस्मिक : आग, वीज, वादळ, भूकंप, नदीकाठी पूर. यांच्यासाठी विमा आहे आणि तो घ्यावा.

दुसऱ्या संथ. माळवदाला दरवर्षी पावसापूर्वी माती लागते. गवत उपटावे लागते. पन्हळी साफ कराव्या लागतात. एक उन्हाळा ही कामे चुकली, की पाणी मुरते, तुळई कुजते, वाळवी चढते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छत बसते. काळ्या मातीवरील स्लॅबच्या घराची गोष्ट वेगळी नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना भेगा देते. जमीन खचण्यापासूनच्या संरक्षणातून नवीन बांधकामाचे नेहमीचे बसणे व त्याच्या भेगा, सदोष आराखडा आणि निकृष्ट काम वगळण्याचा विमाव्यवसायाचा प्रघात आहे. झीज, कुजणे, वाळवी हे तर अपघातच नव्हेत. विमा आकस्मिकाचा असतो, उपेक्षेचा नसतो. रिकाम्या घराचे मरण बहुतेक वेळा उपेक्षेने येते, हे कटू सत्य येथे मान्य करावे लागते.

तिसऱ्या आपत्ती मानवी : परक्याने घरात शिरून बसणे, विजेची चोरटी जोडणी घेणे, हद्दीची भिंत सरकविणे. जुन्या प्रमाणित विमापत्रात इमारतीवर कोणी बेकायदा कब्जा केल्याने मालकाचा ताबा गेला, तर ते नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. हे तर्काला धरूनच आहे. गेलेला ताबा न्यायालयातून मिळवावयाचा असतो, विमा कंपनीकडून नव्हे. परंतु परगावच्या मालकाची सर्वांत मोठी भीती हीच असते, आणि विमा उतरविला म्हणजे तिच्यातूनही आपण सुटलो असा त्याचा समज असतो. तो समज वेळीच दूर झालेला बरा.

यावरून निवडीचा क्रम असा लागतो. प्रथम, घर चौघांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, 'बंद', 'रिकामे', 'पडीक' की 'ओसाड', हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. पडीक घराचा विमा उतरविण्याआधी ते दुरुस्त करावे. दुरुस्तीला पैसे नसतील, तर हप्त्याला दिलेले पैसे बहुधा वाया जातील. दुसरे, प्रस्तावपत्रकात घर भाड्याने देण्याचे आहे, सध्या त्यात कोणी राहत नाही आणि दरवर्षी अमुक महिन्यांत ते रिकामे राहण्याचा संभव आहे, हे शब्दांत लिहावे. दलालाला तोंडी सांगून थांबू नये. तिसरे, घर सलग बंद राहण्याविषयीची अट आपल्या विमापत्रात कोणत्या शब्दांत आहे ते शोधून, त्या काळासाठी कंपनीची लेखी संमती विमापत्रावर घ्यावी आणि नुकसान होण्यापूर्वी घ्यावी. चौथे, रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरवावी आणि सामानाचे व घरफोडीचे संरक्षण खरोखर लागते काय, याचा विचार करावा. पाचवे, देखभालीची व्यवस्था लेखी ठेवावी : किल्ली कोणाकडे, पंधरवड्यातून पाहणी कोणी करावयाची, वीज व पाणी कोठून बंद करावयाचे, पावसापूर्वी छतावर कोण चढणार. पाहणीच्या तारखा एका वहीत टिपलेल्या असल्या, तर नुकसानीच्या वेळी विमेदाराच्या काळजीचा तोच उत्तम पुरावा ठरतो. हे सर्व झाल्यावर मगच हप्त्यांची तुलना करावी.

७

एक आक्षेप संभवतो. अंबडसारख्या गावातील घराचे भाडे ते केवढे. त्यासाठी एवढा पत्रव्यवहार कोण करणार? आक्षेप व्यवहारी आहे, परंतु तो उलट बाजूनेही लागू पडतो. निवृत्तिवेतन नसलेल्या एखाद्या विधवेचे त्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी चालत असेल, तर तिला ते घर दुसऱ्यांदा बांधणे शक्य नाही. मोठ्या मालकाला वकील असतो, दलाल असतो आणि दुसरे घरही असते. एका शब्दाच्या चुकीची खरी किंमत लहान मालकच मोजतो. म्हणूनच मसुद्याच्या भाषेचा प्रश्न हा शैलीचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

नव्या मसुद्याची भाषा जुन्यापेक्षा सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यात 'तुम्ही' आणि 'आम्ही' असा थेट संवाद आहे. परंतु हे 'तुम्ही' राहत्या घराच्या धन्याला उद्देशून आहे. ज्याचे घर एका गावी आणि चूल दुसऱ्या गावी, असा मराठवाड्यातील फार मोठा वर्ग त्यात कोठे बसतो, हे मसुदा स्पष्ट करीत नाही. अशा वर्गासाठी विमापत्राच्या मराठी रूपात 'मालकी', 'ताबा' आणि 'वहिवाट' हे तीन शब्द वेगळे ठेवून, वहिवाट खंडित झाल्यास काय करावयाचे, याचा एक ठळक परिच्छेद पहिल्याच पानावर असावा. ही मागणी मोठी नाही. तिला नवे शब्द घडवावे लागत नाहीत. तलाठ्याच्या दप्तरात आणि गावच्या बोलण्यात ते पूर्वीपासून आहेत.

एप्रिल संपत आला की अंबडच्या वसाहतींत सामान भरलेल्या गाड्या उभ्या राहू लागतात. त्या गाड्या वळणापलीकडे गेल्यानंतर घरमालक कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. आजच्या मसुद्यांवरून एवढेच निश्चितपणे म्हणता येते की, त्याच दिवशी त्याने एक पत्रही टाकले पाहिजे.